शिवछत्रपती पुरस्कार : यादीत नाव लागते कसे

संस्था म्हटली की डोळ्यांपुढे पाटी येते, नोंदणी क्रमांक येतो, खुर्च्या मांडून काढलेला कार्यकारिणीचा फोटो येतो. शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्काराला यातले काही नाही. तो शासनाचा एक निर्णय आहे आणि दर काही वर्षांनी त्याची नियमावली बदलते. तरीही या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा म्हटल्यावर मी हाच विषय मागून घेतला. कोणत्या खेळाडूला मोठे म्हणायचे, हे महाराष्ट्रात गेली पन्नासहून अधिक वर्षे हा पुरस्कार ठरवत आला आहे. इमारत नसलेली ही संस्थाच आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर एखाद्याच्या नावामागे 'शिवछत्रपती पुरस्कारप्राप्त' एवढे शब्द लागले की गावच्या वेशीवर कमान उभी राहते. ते शब्द कसे लागतात, कोण लावते आणि कोणाला ते लागायचे राहून गेले, याची ही हकिगत.

पुरस्कार यायच्या आधीही आपल्या भागात मोठेपण ठरतच होते. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड ज्याने पाहिला आहे त्याला ते सांगायला नको. पहिली कुस्ती पोरासोरांची, नारळावर. मग रेवडीवर, मग दहा-वीस रुपयांवर, आणि उन्हं कलता कलता हजारांवर. शेवटच्या कुस्तीला चांदीचे कडे. हलगी वाजत असते, पैलवान लांग चढवून फडाला चक्कर मारत असतात आणि कडेला बसलेले दोन-चार जुने वस्ताद जोड लावत असतात. कुणाची कुणाशी लावायची, हे ठरवणे ही फडातली सगळ्यात अवघड गोष्ट. वजनकाटा नाही, वयाचा दाखला नाही; वस्ताद नुसत्या नजरेने मान आणि मांडी पाहतात. जोड चुकीची लागली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात, 'अहो, पोरगं हाय ते, उठवा त्याला!' आणि वस्तादाला ऐकावे लागते. म्हणजे निवड समिती, हरकती आणि सुनावणी असे सगळेच तिथे हजर, आणि तेही अर्ध्या मिनिटात. पाठ मातीला लागली की वाद संपला.

कुस्तीचे राज्यपातळीवरचे मोठेपणही असेच मातीत आणि पुढे मॅटवर ठरत आले. महाराष्ट्र केसरीची पहिली लढत 1961 साली झाली ती आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, आणि गदा घेऊन गेले दिनकर दह्यारी. त्या यादीत नाव लागायला कोणाच्या शिफारशीचे पत्र लागत नाही. पंचांच्या निर्णयावरून भांडणे होतात, अलीकडे तर हाणामारीपर्यंत जातात; पण अर्ज करून कोणी महाराष्ट्र केसरी झालेला नाही.

बाकीच्या खेळांची गोष्ट वेगळी. खो-खोत बाराचा संघ आणि नऊ जण मैदानात. सामना जिंकला तो कोणामुळे? साडेतीन मिनिटे पळून दिलेल्या मुलीमुळे, की शेवटच्या पाळीत खांबावर झेप घेऊन गडी टिपणाऱ्या मुलीमुळे? खो-खोवाल्यांनी यावर आपली तोड काढली. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांतल्या सर्वोत्तम खेळाडूला एकलव्य, महिलांत राणी लक्ष्मीबाई, कुमारांत वीर अभिमन्यू, मुलींत जानकी, किशोरांत भरत आणि किशोरींत इला. ही नावे महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर ज्या भक्तीने घेतली जातात ती पाहिली की वाटते, आपल्याकडचे पहिले 'हॉल ऑफ फेम', म्हणजे मानकऱ्यांचे दालन, हेच. तिथेही निवड होते, पण निवडणाऱ्यांनी सामने समोर बसून पाहिलेले असतात. पळतीची वेळ टिपणाऱ्या गुणलेखकाचा कागद त्यांच्या हातात असतो. मैदानात धूळ बसायच्या आत नाव जाहीर होते.

शासनाचा पुरस्कार या दोन्हींहून निराळा, कारण देणाऱ्याने खेळ पाहिलेला असेलच असे नाही. केंद्र सरकारने 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच यादीत आपले नंदू नाटेकर होते, सांगलीचे, बॅडमिंटनचे. कुस्तीत महाराष्ट्राला मान मिळाला तो गणपतराव आंदळकरांच्या रूपाने. खो-खोला 1970 मध्ये, सुधीर परबांमुळे. याच सुमारास, 1969-70 या वर्षापासून, महाराष्ट्राने आपला स्वतंत्र पुरस्कार काढला आणि त्याला शिवछत्रपतींचे नाव दिले. राज्य स्थापन होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. मराठवाडा तर त्याआधी हैदराबाद संस्थानातून सुटून आठ वर्षे हैदराबाद राज्यात आणि मग चार वर्षे मुंबई राज्यात राहून आलेला. कबड्डी, खो-खो, कुस्ती, मल्लखांब खेळणाऱ्या आपल्या माणसांना दिल्लीच्या यादीत जागा मिळेलच अशी खात्री नव्हती. राज्याची स्वतःची यादी असणे हे म्हणून महत्त्वाचे होते.

खेळाडूंबरोबर मार्गदर्शकांचा आणि संघटकांचाही विचार पुढे झाला. मार्गदर्शकांच्या पुरस्काराला बरीच वर्षे दादोजी कोंडदेवांचे नाव होते. त्यावरून इतिहासाचा वाद पेटला आणि ते नाव गेले. जिजामातांच्या नावाचा पुरस्कार आला, दिव्यांग खेळाडूंसाठी एकलव्याच्या नावाचा आला, गिर्यारोहक आणि समुद्र पोहणाऱ्यांसाठी साहसी क्रीडा हा वेगळा रकाना आला. पुढे जीवनगौरव. प्रत्येक नव्या रकान्यामागे आधीच्या यादीत न मावलेला कोणीतरी माणूस उभा असतो, हे लक्षात ठेवले की या पुरस्काराचा इतिहास भराभर उलगडतो.

रकमेचेही सांगितले पाहिजे, कारण गावात पहिला प्रश्न तोच येतो. खेळाडूला बरीच वर्षे एक लाख रुपये मिळत. 28 ऑगस्ट 2023 ला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडापीठात जो सोहळा झाला, त्या वेळी ते तीन लाख केले आणि जीवनगौरवाचे तीनाचे पाच. त्या एका दिवशी 2019-20, 2020-21 आणि 2021-22 अशा तीन वर्षांचे पुरस्कार एकत्र वाटले. जीवनगौरव श्रीकांत वाड, दिलीप वेंगसरकर आणि आदिल सुमारीवाला यांना. करोना हे एक कारण होते खरे, पण तीन-तीन वर्षांची मोट बांधायची सवय त्याच्या आधीची. फेब्रुवारी 2018 मध्ये गेटवे ऑफ इंडियापाशी झालेल्या समारंभातही तीन वर्षांचे पुरस्कार एकदमच दिले होते. पंचविसाव्या वर्षी कमावलेला मान अठ्ठाविसाव्या वर्षी हातात पडला तर खेळाडूला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न आहेच. एखाद्या धावपटूची कारकीर्दच तेवढी असते.

आता यादीत नाव लागते कसे, ते. इथे मतदान नाही. खेळाडू स्वतः अर्ज करतो. पूर्वी तो कागदावर असे, आता ऑनलाइन भरायचा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून तो वर जातो. सोबत जन्मतारखेचा पुरावा, महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा दाखला आणि मुख्य म्हणजे स्पर्धांची प्रमाणपत्रे. ऑलिंपिक, जागतिक, आशियाई, राष्ट्रकुल, राष्ट्रीय असा स्पर्धांचा उतरता जिना आहे आणि प्रत्येक पायरीवर पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला ठरलेले गुण. ठराविक वर्षांतली कामगिरी धरायची, गुणांची बेरीज करायची, खेळनिहाय यादी लावायची. ज्याने ऑलिंपिकसारख्या ठिकाणी पदक आणले त्याच्यासाठी थेट पुरस्काराची वाट ठेवलेली आहे. पॅरिसहून नेमबाजीचे कांस्य घेऊन आलेला स्वप्नील कुसाळे आणि पॅरालिंपिकचे रौप्य आणणारा गोळाफेकपटू सचिन खिलारी यांना तो एप्रिल 2025 च्या सोहळ्यात असाच मिळाला. बाकीच्यांची छाननी होते, नावे प्रसिद्ध होतात, हरकती मागवतात. हरकतींचा काळ हा क्रीडा खात्याच्या कचेऱ्यांतला सर्वांत गजबजलेला काळ. कोणी म्हणते अमक्याची स्पर्धा मान्यताप्राप्त नव्हती, कोणी म्हणते तमक्या संघटनेचे दोन गट आहेत आणि सही चुकीच्या गटाच्या सचिवाची आहे.

या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे. ठेवण्याआधी मतदानाची व्यवस्था कशी चालते ते पाहावे.

मतदानाचे जुने आणि गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या बेसबॉलचे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन नावाच्या लहानशा गावी त्यांचे हॉल ऑफ फेम आहे. गाव लोकसंख्येने आपल्या सेनगावाहूनही लहान. पहिली निवड 1936 साली झाली. 226 क्रीडा पत्रकारांनी मते दिली, तीन चतुर्थांश म्हणजे 170 मते हवी होती, आणि पाच जण निवडून आले. टाय कॉब 222 मतांनी पहिला, बेब रूथ 215 वर. म्हणजे आपल्या सचिन तेंडुलकरइतका त्या देशात पूजला गेलेला बेब रूथ, आणि त्यालाही मत न देणारे अकरा जण निघाले! आजचे नियम असे आहेत. खेळ सोडून पाच वर्षे झाल्याशिवाय नाव मतपत्रिकेवर येत नाही. बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेचा दहा वर्षे सभासद असलेल्या पत्रकारालाच मत. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावे. 75 टक्के मिळाले तर आत, पाच टक्क्यांच्या खाली गेला तर पत्रकारांच्या मतपत्रिकेवरून कायमचा बाहेर, आणि मध्ये लटकला तर पुढच्या वर्षी परत. पण तेही दहाच वर्षे. सगळ्यांनी एकमताने निवडलेला खेळाडू मिळायला 2019 साल उजाडले. मारियानो रिव्हेरा, 425 पैकी 425. पुढच्याच वर्षी डेरेक जीटरचे एक मत कमी पडले. ते एक मत कोणाचे, यावर त्या देशाने महिनाभर चर्चा केली. निवडणूक हा विषय माणसाला सगळीकडे सारखाच चढतो.

या पद्धतीतही दगड आहेत. बॅरी बाँड्सच्या नावावर 762 होम रन आहेत, अमेरिकेच्या मेजर लीगच्या इतिहासात कोणाच्याही नावावर नाहीत तितके. पण उत्तेजकांचा संशय चिकटला, पत्रकारांनी दहा वर्षे हात आखडता घेतला आणि 2022 मध्ये त्याची मुदत संपली. 2013 साली तर पत्रकारांनी एकालाही निवडले नाही. त्याहून जुनी गोष्ट सॅचेल पेजची. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता त्या काळातला हा गोलंदाज, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचर. ज्या सामन्यांचे आकडे धरले जात होते त्यांत त्याला उमेदीत खेळूच दिले नव्हते, मग त्याला मत कशाच्या जोरावर द्यायचे? शेवटी वेगळी समिती नेमून 1971 मध्ये त्याला आत घेतले. रकान्यात न मावणाऱ्या माणसासाठी नवा रकाना काढायची युक्ती तिकडेही चालते, ती अशी.

क्रिकेटचे हॉल ऑफ फेम त्या मानाने कालपरवाचे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ते 2009 मध्ये, आपल्या शताब्दीच्या निमित्ताने सुरू केले. पहिल्या 55 जणांत आपले तिघे होते, बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर आणि कपिल देव. इथेही शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते. सचिन तेंडुलकर नोव्हेंबर 2013 मध्ये निवृत्त झाला आणि 2019 मध्ये आत गेला. राहुल द्रविड त्याच्या एक वर्ष आधी. मत देणाऱ्यांत आधीच आत असलेले हयात खेळाडू असतात, क्रिकेट पत्रकार असतात, परिषदेची आणि खेळाडू संघटनेची माणसे असतात. विनू मंकडला 2021 पर्यंत वाट पाहावी लागली. 1952 साली लॉर्ड्सवर 72 आणि 184 धावा आणि पहिल्या डावात पाच बळी, असा सामना एकहाती खेळलेला माणूस. पण 44 कसोटी, 2109 धावा आणि 162 बळी हे आकडे आजच्या चष्म्यातून लहान दिसतात. जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने पाच कालखंडांतले दोन-दोन खेळाडू घ्यायचे ठरले, तेव्हा त्याचा नंबर लागला. महिलांत डायना एडल्जी 2023 मध्ये. आणि वेंगसरकर? लॉर्ड्सवर तीन शतके ठोकणारा, 116 कसोटी खेळलेला वेंगसरकर राज्याच्या जीवनगौरवाचा मानकरी आहे, जगाच्या यादीत नाही. जगाची यादी ती मोठी आणि राज्याची ती धाकटी, असे समजणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

दोन पद्धतींतला खरा फरक माझ्या मते मत आणि गुण हा नाही. फरक काळाचा आहे. हॉल ऑफ फेम खेळाडूला सांगते, खेळ संपव, पाच वर्षे जाऊ दे, टाळ्या विरू दे, मग पाहू. आपला पुरस्कार सांगतो, गेल्या काही वर्षांत काय केलेस ते लगेच दाखव, मुदत टळली तर तुझे तू पाहा. पहिल्यात पूर्ण कारकीर्द तोलली जाते आणि दुसऱ्यात तिचा एक तुकडा. अर्जुन पुरस्काराचेही तेच, आधीच्या चार वर्षांतली सातत्याची कामगिरी. तरुण खेळाडूला उमेदीत हात द्यायचा असेल तर हे बरोबरच आहे. पण ज्याची उमेद पुरस्कार निघायच्या आधीच सरली, त्याने कुठे जायचे?

खाशाबा जाधवांचे नेमके हेच झाले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे बँटमवेट गटात कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि पुढचे यायला 1996 पर्यंत थांबावे लागले. खाशाबा पोलिसांत नोकरीला लागले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार सुरू झाल्यावर ते 23 वर्षे हयात होते. शिवछत्रपती पुरस्कार निघाल्यावर सुमारे 15 वर्षे. दोन्हींपैकी एकही त्यांच्या हातात पडला नाही. शिवछत्रपती मिळाला 1992-93 चा, मरणोत्तर. अर्जुन 2000 चा, तोही मरणोत्तर. दरम्यान त्यांच्याहून कितीतरी कमी तोलाची पदके असलेली माणसे गुणांच्या बेरजेत बसून सन्मानाने घरी गेली.

यात कोणा एका अधिकाऱ्याचा आकस होता असे म्हणायला आधार नाही, आणि मला तसे वाटतही नाही. आकसापेक्षा हे वाईट आहे. 1952 चे पदक कोणत्याच रकान्यात बसत नव्हते, कारण रकान्यावर 'मागील वर्षांतली कामगिरी' असे लिहिलेले होते. पदक जुने झाले म्हणून बाद! आज 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, आपल्याही जिल्ह्यात शाळांमधून तो होतो. पुरस्काराच्या नियमांनी जी जागा दिली नाही ती कॅलेंडरने दिली.

मुरलीकांत पेटकरांना तर कॅलेंडरनेही दिली नव्हती. इस्लामपूरकडचा हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. 1972 मध्ये जर्मनीत हायडलबर्गला पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्ण जिंकले, भारताचे पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. 2018 मध्ये पद्मश्री आणि 17 जानेवारी 2025 ला, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन जीवनगौरव. पदकापासून पुरस्कारापर्यंत 52 वर्षे. ध्यानचंद यांच्या नावाचा जीवनगौरव बंद करून त्याच्या जागी हा नवा पुरस्कार 2024 पासून आणला आणि त्याच्या पहिल्याच यादीत पेटकरांना जागा झाली.

गुणांच्या पद्धतीत माणूस मध्ये येत नाही असा एक समज आहे. 2014 ची मनोज कुमारची गोष्ट त्यावर उतारा म्हणून वाचावी. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 2010 ला सुवर्ण जिंकलेला हा मुष्टियोद्धा अर्जुनच्या यादीतून वगळला गेला. तो उच्च न्यायालयात गेला. उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेला खेळाडू तो हाच, अशा गैरसमजातून नाव गळल्याचे पुढे आले आणि त्याला पुरस्कार द्यावा लागला. गुण बरोबर होते, माणूस चुकीचा धरला होता. मिल्खासिंगांनी तर 2001 मध्ये अर्जुन पुरस्कार देऊ केला तेव्हा तो घेतलाच नाही. फार उशीर झाला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. असा नकार द्यायला मिल्खासिंगच असावे लागते, आपल्या तालुक्याच्या खेळाडूला तो परवडत नाही.

मराठवाड्याचे काय, असे विचारले जाते. अलीकडची नावे पाहिली तर मान ताठ करण्यासारखी आहेत. धाराशिवची सारिका काळे, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार, हिला 2020 चा अर्जुन मिळाला; खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळत होता. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात जाऊन स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेता झाला, अर्जुन 2022 चा. नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव 2024 ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन चालली. शेजारच्या परभणीच्या ज्योती गवतेने मुंबई मॅरेथॉन गाजवली. सगळे कोरडवाहू पट्ट्यातले. हिंगोलीने त्यांच्याकडे पाहावे ते कौतुकाने, आणि थोडे हिशेबानेही. यांतल्या काहींची कारकीर्द फुलली ती जिल्हा सोडल्यावर. आणि सैन्यातला मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाचा खेळाडू म्हणून उतरतो, त्याच्या नावापुढे जिल्हा लागतच नाही.

हिशेब म्हणताना माझ्या मनात प्रमाणपत्रे आहेत. मैदानावरच्या माणसाने कागदाला इतके महत्त्व द्यावे याचे तरुणांना हसू येते, पण 2005 पासून राज्यात नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हापासून त्या कागदाला भाव आला आणि भाव आला तिथे बनावटही आली. खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणे उघड झाली, पडताळणी कडक झाली आणि ती कडक झाल्याचा पहिला फटका खऱ्या खेळाडूला बसला. खऱ्याचे कागद नेहमीच गबाळे असतात. आपल्याकडच्या घरांतली अशी एक फाईल डोळ्यांपुढे आणा. राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र लॅमिनेट केलेले, त्यामुळे मागचा शिक्का वाचता येत नाही. एकावर नाव घरचे, दुसऱ्यावर शाळेतले. एकावर बापाचे नाव आहे, दुसऱ्यावर नाही. आडनाव इंग्रजीत तीन जागी तीन तऱ्हेने. एका प्रमाणपत्रावर स्पर्धेची तारीख भरायची राहून गेली आहे आणि ज्या सचिवाची सही आहे त्याची संघटना पुढे फुटली. या मुलाने राज्याच्या संघातून खेळलेला सामना हजार माणसांनी पाहिलेला असतो, पण गुण देणारा टेबलाशी बसलेला असतो आणि त्याच्यापुढे फक्त ही फाईल असते. तो तरी काय करणार?

हिंगोलीच्या जुन्या खेळाडूंची यात आणखी एक अडचण आहे, ती कोणाच्या लक्षात येत नाही. आपला जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधी वसमत, कळमनुरी आणि हिंगोलीच्या मैदानांवर जे कोणी खेळले ते परभणी जिल्ह्याचे खेळाडू म्हणून खेळले. त्यांच्या प्रमाणपत्रांवर परभणी आहे, निवड चाचणीच्या नोंदी परभणीच्या नावाने आहेत, वर्तमानपत्रांच्या कात्रणांतही परभणीचा संघ असेच छापलेले आहे. औंढा आणि सेनगाव तालुक्यांचेही तेच. त्यामुळे आज कोणी हिंगोलीच्या खेळाडूंची यादी करायला बसले की ती 1999 पासून सुरू होते आणि त्याआधीच्या खेळाचा जणू पत्ताच नसतो. या स्मरणिकेच्या शेवटी जी नामावली दिली आहे तिच्यातही हा खड्डा आहे. ज्यांच्या घरी 1999 च्या आधीची, 'जिल्हा परभणी' असे लिहिलेली खेळाची प्रमाणपत्रे, संघाचे फोटो किंवा गुणपत्रके असतील त्यांनी त्यांची झेरॉक्स संपादक मंडळाकडे द्यावी. मूळ कागद देऊ नयेत आणि कृपा करून लॅमिनेट करू नयेत.